कर्णाचे वकील

आपल्याकडे वकिली करावयाची तर आधी कायद्याची परीक्षा द्यावी लागते, मग सनद घ्यावी लागते, आणि त्यानंतरही पक्षकार मिळेपर्यंत कोर्टाच्या व्हरांड्यात दोन-चार वर्षे काळा कोट झिजवावा लागतो. या नियमाला अपवाद एकच. कर्णाच्या वकिलीला सनद लागत नाही. वयाची अट नाही, शिक्षणाची नाही, आणि मूळ महाभारत वाचलेले असण्याची तर मुळीच नाही. यवतमाळहून पांढरकवड्याला जाणाऱ्या एस.टी.त शेजारच्या प्रवाशाला सहज म्हणून पाहा, की 'कर्णाचेही थोडे चुकलेच.' पांढरकवडा येईल, गाडी रिकामी होईल, पण तुमची उलटतपासणी संपणार नाही.

या वकीलमंडळींशी माझे भांडण आहे, आणि ते दिवाळीच्या फराळाबरोबर वाचकांपुढे मांडावे असे मी योजिले आहे. चकली खुसखुशीत असली म्हणजे वादही बरा पचतो.

नव्या पिढीने या वकिलीला एक नवे दालन जोडले आहे. तरुण मुले-मुली हल्ली मोबाईलवर एका जातीच्या कथा वाचतात आणि लिहितात. त्यांना 'फॅन फिक्शन' म्हणतात. दुसऱ्या कोणी निर्माण केलेली पात्रे घ्यावयाची आणि त्यांची कथा आपल्या मनासारखी पुढे न्यावयाची, किंवा मागे वळवावयाची. लिहिणारा चाहता, वाचणाराही चाहता. कथा हप्त्याहप्त्याने येते आणि प्रत्येक हप्त्यानंतर चर्चेचे गुऱ्हाळ सुरू होते. हे पात्र असे वागेल का? याचे तिच्याशी जमेल का? १९८८ ते १९९० मध्ये दूरदर्शनवर 'महाभारत' चालू असताना रस्ते ओस पडत, हे आमच्या पिढीने पाहिले. २०१३ साली दुसऱ्या एका वाहिनीवर नवे 'महाभारत' सुरू झाले आणि त्याचे चाहते या कथांकडे वळले. तेथे फार लाडकी असलेली एक जोडी म्हणजे कर्ण आणि द्रौपदी.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरी दोन भाच्या मुक्कामाला होत्या. यवतमाळचे ऊन तुम्हांस ठाऊकच आहे. दुपारी कूलरपुढे बसण्यावाचून दुसरा उद्योग नसतो. दोघी अशीच एक कथा वाचीत होत्या आणि तावातावाने भांडत होत्या. थोरलीचे म्हणणे, या हप्त्यातला कर्ण कर्णासारखा बोलतच नाही, फार गुळमुळीत झाला आहे. धाकटीचे म्हणणे, तो बोलतो हेच पुष्कळ झाले. द्रौपदीने आधी क्षमा मागितली पाहिजे.

मी विचारले, "क्षमा कोणी कोणाची मागावयाची?"

धाकटी म्हणाली, "मामा, तुम्ही समजूनच नाही राहिले! स्वयंवरात तिने त्याचा अपमान नव्हता का केला? मग तो सभेत बोलला तर काय झालं?"

'मग तो बोलला तर काय झालं?' हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे. माझे सारे भांडण या वाक्याशी आहे.

पण त्याआधी एका दुसऱ्या पक्षाचा समाचार घेणे अवश्य आहे, नाही तर तो मला आपला माणूस समजून टाळ्या वाजवू लागेल. हा पक्ष सोवळ्या पंडितांचा. त्यांच्या मते व्यासांनी लिहिले ते लिहिले. त्यात इतरांनी हात घालणे हा अव्यापारेषु व्यापार आहे, आणि मोबाईलवरच्या पोरांनी तर त्या वाटेला जाऊच नये. या महाशयांना मी एवढेच विचारतो की, तुम्ही लहानपणी जे महाभारत ऐकलेत ते कोणाचे होते? बहुतेकांच्या घरी ते श्रीधराच्या 'पांडवप्रतापा'तले होते, आणि तो १७१२ सालचा आहे. आजीने त्यात आपल्या पदरचे मीठमसाला घातले ते निराळेच. १८८२ साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'सौभद्र' रंगभूमीवर आणले. मूळ कथेत अर्जुन सुभद्रेला पाहतो आणि श्रीकृष्णाच्या सल्ल्याने तिला पळवून नेतो. तिला काय वाटते हे कोणी विचारीत नाही. अण्णासाहेबांनी दोघांचे प्रेम आधीपासूनचे दाखविले, सुभद्रेला मन दिले, तोंड दिले, गळ्यात गाणे दिले. महाराष्ट्राने त्यांच्यावर खटला भरला नाही. पिढ्यानपिढ्या 'वन्स मोअर' दिला. म्हणजे दुसऱ्याची पात्रे घेऊन त्यांची नाती नव्याने जुळविणे हा काही मोबाईलचा शोध नव्हे. तो आपला जुना घरचा धंदा आहे.

कर्ण-द्रौपदीची जोडीसुद्धा नवी नाही. आपल्या लोककलावंतांच्या 'जांभूळ आख्याना'त कर्णाला पाहून द्रौपदीचे मन चळते आणि एका जांभळाच्या निमित्ताने ते उघडे पडते. शाहीर विठ्ठल उमपांनी हे आख्यान गाजवून शहरी प्रेक्षकांपर्यंत नेले. त्याचे बीज तर खुद्द व्यासांच्याच शेतात आहे. उद्योगपर्वात श्रीकृष्ण कर्णाला त्याच्या जन्माचे रहस्य सांगतो आणि पांडवांकडे येण्याचा आग्रह करतो. राज्य तुझे, चवऱ्या ढाळतील ते भाऊ तुझे, आणि सहाव्या पाळीला द्रौपदीही तुझ्याकडे येईल, असे तो स्पष्ट सांगतो. माझ्या भाच्या ज्या जोडीसाठी जीव टाकतात तिचा पहिला प्रस्ताव श्रीकृष्णाचा आहे. सोवळ्या पंडितांनी याचा विचार करावा आणि मग पोरांवर डोळे वटारावेत.

मात्र या प्रस्तावातली एक गोष्ट पोरांनीही पाहावी. श्रीकृष्णाने सहावा वाटा देऊ केला, कर्णाने तो नाकारला. या देवाण-घेवाणीत द्रौपदीला विचारले कोणी? ज्या बाईला एकदा द्यूताच्या पटावर लावले, तिलाच पुन्हा तहाच्या पटावर ठेवले आहे. ही जागा लेखकाने हाती घेण्यासारखी आहे. येथे द्रौपदीला बोलते करणारी कथा जो लिहील त्याला मी वाकून नमस्कार करीन. परंतु आमच्या वकिलांना या जागेची गरज वाटत नाही. त्यांना द्रौपदी हवी आहे ती फिर्याद मागे घेण्यासाठी.

आता मूळ खटल्याकडे वळू. सभापर्वात काय घडले ते एकदा नीट आठवावे. युधिष्ठिर द्यूतात सर्वस्व हरला, शेवटी द्रौपदीलाही हरला. तिला एकवस्त्रा, रजस्वला अशा अवस्थेत केस धरून सभेत ओढीत आणले. तिने प्रश्न विचारला की, स्वतः दास झालेल्या पतीला मला पणाला लावण्याचा अधिकार होता काय? भीष्म-द्रोणांनी माना खाली घातल्या. त्या सभेत एकच कौरव उभा राहिला, दुर्योधनाचा भाऊ विकर्ण. द्रौपदी जिंकली गेलेली नाही, असे तो म्हणाला. आणि त्या विकर्णाला गप्प कोणी केले? कर्णाने. पाच पतींची बायको ती कसली कुलीन, तिला विवस्त्र आणले तरी त्यात नवल नाही, असे कोण म्हणाले? कर्ण. पांडवांची आणि द्रौपदीची वस्त्रे उतरून घे, असे दुःशासनाला कोणी सांगितले? कर्णाने. हे सारे व्यासांनी आडपडदा न ठेवता लिहिले आहे.

या ठिकाणी वकीलसाहेब उठतात आणि स्वयंवराचा कागद पुढे करतात. 'मी सूताला वरणार नाही' असे म्हणून द्रौपदीने भरसभेत त्याची जात काढली होती, तेव्हा फिट्टंफाट झाली! तर या कागदाचीही तपासणी करू. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले. डॉ. वि. सी. सुखटणकरांसारख्या विद्वानांनी त्यात आयुष्य वेचले. देशभरातून गोळा केलेली १,२५९ हस्तलिखिते ताडून पाहिली आणि १९६६ साली ते काम पुरे झाले. या आवृत्तीच्या मुख्य पाठात द्रौपदीचा तो नकार नाही. काही हस्तलिखितांत तो आढळतो, म्हणून तळटिपांत दिलेला आहे, एवढेच. म्हणजे काय झाले? कोण्या काळी कोण्या एका पाठकाला, कदाचित कर्णाच्याच चाहत्याला, त्या स्वयंवरात आणखी रंग भरावासा वाटला. त्याने एक वाक्य भरले. आणि आज त्या भरीच्या वाक्यावर कर्णाची निर्दोष सुटका मागितली जात आहे! चाहत्यांच्या लेखणीचे बळ किती असते याचा याहून मोठा दाखला मला माहीत नाही. म्हणूनच ती लेखणी हातात घेताना जरा जपावे, असे माझे म्हणणे आहे.

बरे, क्षणभर ते वाक्य खरे धरू. म्हणून काय झाले? स्वयंवरात नकार देणे हा वधूचा हक्कच नाही काय? नकाराच्या शब्दांत जातीचा डंख होता, हे वाईटच. पण एका कठोर शब्दाची परतफेड वस्त्र फेडून करावयाची, हे गणित कोणत्या शाळेत शिकवितात? तरुण वाचकांनो, या गणितावर आजही मुलींच्या अंगावर ॲसिड पडते. 'तिने नकार देऊन अपमान केला, मग त्याने केले तर काय झाले?' हे वाक्य तुम्ही कथेत लिहिता तेव्हा ते कथेतच राहत नाही.

येथे माझ्यावर एक आक्षेप येईल, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आक्षेप असा की, कर्णावर लोकांचे प्रेम उगाच नाही. हस्तिनापूरच्या रंगभूमीवर अधिरथ येताच भीमाने कर्णाला हिणविले, की तुला शस्त्र कशाला, चाबूक हाती घे. गुण असून ज्याला कुळामुळे दाराबाहेर उभे केले अशा प्रत्येक माणसाला त्या चाबकाचा वळ आपल्या पाठीवर जाणवतो. आपल्या समाजात अशी माणसे लाखोंनी झाली. त्यांनी कर्णाला आपला म्हटले तर चुकले कोठे?

कोठेच चुकले नाही. हे प्रेम खरे आहे आणि त्याला मी मानतो. १९६७ साली मराठीत एकाच वर्षी दोन पुस्तके आली. एक शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय', दुसरे इरावतीबाई कर्वे यांचे 'युगान्त'. एकीने कर्णाला महाराष्ट्राच्या घराघरांत नेऊन बसविले. दुसरीने 'मी कोण?' या लेखात त्याच कर्णाच्या आयुष्याची फार कठोर झडती घेतली. मराठी वाचकाने दोन्ही पुस्तके डोक्यावर घेतली. 'मृत्युंजय'वर मी येथे खटला भरीत नाही. सावंतांनी निदान एक शहाणपण केले आहे: त्यांनी सारी कथा कर्णाच्याच तोंडी दिली नाही. कुंती बोलते, दुर्योधन बोलतो, शोण बोलतो, श्रीकृष्ण बोलतो. आणि व्यासांच्या कथेत जवळजवळ दिसतही नाही ती कर्णाची पत्नी, वृषाली, तीही बोलते. सहा तोंडांनी सांगितलेल्या गोष्टीत एका माणसाची बाजू थोडी फार जड झाली, तरी बाकीचे पाच जण जागे असतात.

परंतु अपमान सोसलेल्या माणसावर प्रेम करणे वेगळे आणि त्याने केलेला अपमान झाकणे वेगळे. त्या सभेत कर्णाने नेमके काय केले पाहा. जन्माच्या नावाने आपल्याला जी पायरी दाखविली गेली, तीच पायरी त्याने एका स्त्रीला तिच्या नवऱ्यांच्या संख्येवरून दाखविली. पाठीवर चाबकाचा वळ असलेल्या माणसाने संधी मिळताच चाबूक उचलला. यात त्याची शोकांतिका आहे. व्यासांना ती दिसली, म्हणून कर्ण तीन हजार पानांच्या गर्दीत हरवला नाही. ज्या भाषणात तो श्रीकृष्णाचे राज्य नाकारतो आणि राधा-अधिरथांच्या मायेला जागतो, त्याच भाषणात तो कबूल करतो की, दुर्योधनाला बरे वाटावे म्हणून मी पांडवांना कटू बोललो आणि त्याचा मला आज ताप होतो. म्हणजे कर्णाला स्वतःला पश्चात्ताप झाला आहे. पश्चात्ताप झाला नाही तो त्याच्या वकिलांना! आरोपी गुन्हा कबूल करू पाहतो आणि वकील त्याच्या तोंडावर हात ठेवतो, असा हा खटला आहे.

अशा धुतलेल्या कर्णाने कथेची काय दशा होते, तेही सांगतो. कर्ण निर्दोष ठरवावयाचा म्हणजे दोष कोठे तरी ठेवला पाहिजे. तो द्रौपदीच्या पदरात टाकला जातो आणि ती गर्विष्ठ, तोंडाळ होते. दुर्योधनाशी त्याची मैत्री निर्मळ दाखवावयाची, म्हणून त्या मैत्रीतला मिंधेपणा पुसला जातो, आणि त्याबरोबर तिच्यातले दुःखही. अभिमन्यूच्या वधात कर्णाचा हात होता, तो प्रसंग घाईने उरकला जातो. रथाचे चाक रुतल्यावर कर्ण धर्माची आठवण करून देतो तेवढा भाग डोळ्यांत पाणी आणून लिहितात. त्यावर श्रीकृष्ण 'सभेत तुझा धर्म कोठे होता?' असे विचारतो तो भाग गाळतात. सरतेशेवटी उरतो तो एक देखणा, दानशूर, सतत सोसणारा बाहुला. माझी थोरली भाची म्हणाली तेच खरे: तो कर्णासारखा बोलत नाही. बोलणार कसा? कर्णातला कर्णच काढून घेतला आहे.

मग आवडत्या माणसाची गोष्ट नव्याने लिहावी तरी कशी? याचे उत्तर शोधावयास विदर्भाबाहेर जाण्याचे कारण नाही. आठव्या शतकातला भवभूती हा आपला वैदर्भीय. आपण विदर्भातील पद्मपूरचे असे त्याने स्वतःच सांगून ठेविले आहे, आणि ते आमगावजवळचे पदमपूर होय असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडले. भवभूती रामाचा निस्सीम चाहता. 'उत्तररामचरित' म्हणजे त्याने रामसीतेच्या नात्यावर रचलेली आपली स्वतंत्र कथाच. रामायणात सीता शेवटी धरणीच्या पोटात जाते; भवभूतीला ते सोसवले नाही, त्याने दोघांची भेट घडवून आणली. त्याने शेवट बदलला, ही त्याची चाहतेगिरी. पण ती भेट त्याने रामाला फुकट मिळू दिली नाही. तिसऱ्या अंकात राम दंडकारण्यात येतो, तेव्हा सीतेची सखी वासंती त्याच्यासमोर उभी राहते आणि असा निष्ठूरपणा तुझ्या हातून झालाच कसा, असे तोंडावर विचारते. सीता अदृश्य रूपाने तेथेच उभी राहून सारे ऐकते. पुढे जनक आपल्या लेकीसाठी संतापतो. सातव्या अंकात रामाला बसवून त्याच्याच अन्यायाचे नाटक दाखवितात, आणि ते नाटक आहे हेही तो विसरतो. एवढे सोसल्यावर मग भेट. भवभूतीला रामाचा वकील होता आले असते, कारणे पुष्कळ होती: राजधर्म, लोकापवाद, कुळाची अब्रू. त्याने वासंती निर्माण केली. चाहत्याचे प्रेम यालाच म्हणावे.

भवभूती मोठा कवी, त्याची गोष्ट निराळी, असे कोणी म्हणेल. तर आमच्या जिल्ह्यातले एक खेडे दाखवितो, जेथे कवी नव्हता, नाटक नव्हते, होते ते कापूस-ज्वारी पिकविणारे साधे लोक. राळेगाव तालुक्यात रावेरी म्हणून गाव आहे. तेथे सीतेचे जुने देऊळ आहे. एकट्या सीतेचे, शेजारी राम नाही. गावची कथा अशी की, रामाने टाकल्यावर सीता येथे आली आणि लव-कुश येथेच जन्मले. बाळंतीण बाई, हाताशी दोन लेकरे. तिने गावात ओंजळभर गहू मागितला. गावाने दिला नाही. तेव्हा तिने शाप दिला की, या गावात गहू पिकणार नाही. आणि पुढे पिढ्यानपिढ्या रावेरीत गहू होत नसे, असे लोक सांगत आले.

वाचकहो, ही कथा वाल्मीकींची नाही, श्रीधराची नाही. ती रावेरीच्या लोकांनी रामायणाला जोडलेली आपली पुरवणी आहे. आता तिच्यातली मौज पाहा. देशात शेकडो गावे सांगतात की, राम आमच्याकडे उतरला, सीता आमच्या कुंडात नाहली, पांडवांनी आमच्या डोंगरात एका रात्रीत लेणे खोदले. सगळीकडे गाव थोर, पाहुणचार थोर. रावेरीने मात्र स्वतःला गोष्टीत घातले ते गुन्हेगार म्हणून. आमच्या दारात उपाशी बाळंतीण आली होती आणि आमच्या पूर्वजांनी तिला हाकलले, असे हे गाव आपल्या लेकरांना सांगत आले. दोष रामावर ढकलून मोकळे होता आले असते. ते न करता त्यांनी आपला वाटा आपल्या पदरात घेतला आणि तिचे देऊळ राखले. विद्यापीठाच्या व्याख्यानांतून व्यक्तिचित्रण शिकवितात, त्यातले मर्म या खेड्याला कोणी न शिकविता कळले होते. ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या बाजूने गोष्ट सांगावी, आणि सांगताना आपण कोठे उभे होतो तेही लपवू नये.

या देवळाचा पुढे शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी यांच्या पुढाकाराने जीर्णोद्धार झाला. त्याच संघटनेने १९९० च्या सुमारास 'लक्ष्मीमुक्ती'ची मोहीम काढली होती. शेतकऱ्याने आपल्या खुशीने जमिनीचा काही भाग बायकोच्या नावावर करून द्यावा, अशी ती मोहीम, आणि अनेक गावांतल्या शेकडो पुरुषांनी तसे केले. सीतेच्या देवळाचा आणि सात-बाराच्या उताऱ्याचा संबंध काय, असे कोणी विचारू नये. घरातून काढलेल्या बाईला उभे राहायला स्वतःची वितभर जमीन नसली म्हणजे तिला परक्या दारी गहू मागावा लागतो, एवढा सरळ तो संबंध आहे. आमच्या जिल्ह्याचे नाव शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे देशभर गेले. मागे राहिलेल्या किती बायकांना सासरच्या उताऱ्यावर आपले नाव लावून घेण्यासाठी तलाठ्याच्या दाराशी खेटे घालावे लागले, हे येथल्या कोणत्याही गावात विचारून पाहावे. त्या वेळी घराघरांत जी वकिली ऐकू येते ती मोठी ओळखीची असते. 'तो मनाचा चांगला होता, हिनेच त्याला सुख दिले नाही.' गेलेला कर्ण होतो आणि राहिलेली द्रौपदी.

म्हणून म्हणतो, पात्रांच्या नात्यांची चर्चा हा रिकामटेकडा उद्योग नव्हे. माझ्या भाच्या कूलरपुढे बसून ज्या गोष्टीवर भांडत होत्या, तिच्यावरच घरातल्या बैठकी, पंचायती आणि कोर्टकचेऱ्या चालतात: कोणाचे दुःख मोजावयाचे आणि कोणाचे सोडून द्यावयाचे. जी मुलगी आज कथेतल्या द्रौपदीकडून क्षमा मागवून घेते, ती उद्या आपल्या वहिनीकडून मागवून घेईल. जी मुलगी कथेत विकर्णाला आणखी चार वाक्ये देईल, ती उद्या घरातही कदाचित उभी राहील. यासाठीच मला या कथा वाचणाऱ्या आणि लिहिणाऱ्या पोरांचा राग येत नाही; मला त्यांच्याकडून फार अपेक्षा आहेत. लिहा, खुशाल लिहा. जोड्या जुळवा, शेवट बदला, मेलेल्यांना उठवा. कर्णाला द्रौपदीशी बोलायला लावावयाचे तर तेही करा. पण त्या भेटीत पहिले वाक्य द्रौपदीचे असू द्या, आणि ती बोलत असताना कर्णाला मध्ये बोलू देऊ नका. तो खरा कर्ण असेल तर ऐकून घेईल. त्याने याहून कठीण गोष्टी केल्या आहेत. अंगावरची कवचकुंडले कापून देणाऱ्याला चार खरे शब्द ऐकणे जड जाऊ नये.

त्या सभेत कर्णाजवळ सर्व काही होते. अंगदेशाचे राज्य होते, धनुष्य होते, त्याच्यासाठी जीव टाकणारा राजा होता. नव्हता तो एकच माणूस: त्याचा हात धरून 'खाली बस, हे तुला शोभत नाही' असे म्हणणारा. दुर्योधन तसे म्हणणार नव्हता आणि विकर्णाचे कर्ण ऐकणार नव्हता. ती जागा तेव्हापासून रिकामी आहे. कर्णावर ज्यांचा खरोखर जीव आहे त्यांनी काळा कोट उतरवावा आणि त्या जागी जाऊन उभे राहावे.